बंदला तुम्ही नाही म्हणालात, रफिकमामा

ज्या प्रोग्रॅमवर तुमचं रोजचं काम चालतं, तो बिघडला तर दुरुस्त कोण करतं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

वाचणाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवते आणि आता तुमच्याशी बोलते, रफिकमामा. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. आपलं बोलणं अर्धवट राहिलं आहे, आणि अर्धवट भांडण मनात घेऊन गप्प बसणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी केडगावला तुमच्या घरी आम्ही बाया आतल्या खोलीत बसलो होतो. पुरुष कब्रस्तानाकडे गेले होते. शमीममामींनी माझा हात घट्ट धरला होता. मग एकदम म्हणाल्या, "अश्विनी, तुझ्या मामाचं ते लाल-हिरवं आता कोण बघणार गं?" शेजारच्या बायकांना वाटलं, दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. एकीनं घाईनं पाणी आणलं. मामी पाणी प्यायल्या आणि तोच प्रश्न त्यांनी परत विचारला.

मामींना काय विचारायचं होतं, ते हे वाचणाऱ्या सगळ्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. तुम्ही 'पाटकरी' नावाचा प्रोग्रॅम लिहिलात. कालव्याला आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची पाळी, सुटलं की चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरच्या, कोणत्या शेताला कधी आणि किती तास पाणी मिळणार, याचा तक्ता तो करतो आणि ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप पाठवतो. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, असा तो तुम्ही सगळ्यांसाठी उघडा ठेवलात. पण असा प्रोग्रॅम एकट्या माणसाच्या लिहिण्यावर उभा राहत नाही. त्यातला तारखा मोजणारा तुकडा दूर कुठल्या देशातल्या माणसानं लिहिलेला असतो, निरोप पाठवणारा तुकडा दुसऱ्याच कुणाचा. या उसन्या तुकड्यांना डिपेंडन्सी म्हणतात. ती माणसंही आपापले तुकडे सुधारत असतात. नवी आवृत्ती आली की एक यंत्र आपल्याला कळवतं. मग सगळं पुन्हा जोडून बघायचं, त्याला बिल्ड म्हणतात, आणि जोडलेल्यावर एकेक चाचणी चालवायची. सगळ्या पास झाल्या तर हिरवी खूण येते. एक जरी नापास झाली तर लाल.

हे काम कधीच संपत नाही. केलं तर कुणाला दिसत नाही. तुम्ही ते मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, तांब्याच्या तारेचे वेढे घालता घालता, वर्षानुवर्षं केलंत.

मी शिरूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना, तुमची ओळखही नव्हती तेव्हा, पाटकरीचा कोड पहिल्यांदा उघडला. सगळीकडे चाचण्यांना एक, दोन, तीन अशी रुक्ष नावं असतात. तुमच्या चाचण्यांची नावं वाचून मी हसले होते. 'सोपानआप्पांचं नाव यादीत दोनदा आलं.' 'तळेगावच्या दोघा भावांना एकच वेळ मिळाली.' 'हौसाबाईंचं पाणी रविवारी सुरू होऊन सोमवारी संपतं.' मला ते गावठी वाटलं. कोड असा लिहीत नाहीत, असं मी तुम्हाला चांगलं लांबलचक लिहून कळवलं. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं: "स्टेशनजवळ दुकान हाय. ये, चहा पिऊ."

मी आले ती भांडायच्या तयारीनं. दुकानात तेलाचा आणि वार्निशचा वास होता. काउंटरवर उघडलेला पंप आणि त्याच्या शेजारी कीबोर्ड, तोही तेवढाच काळा.

"मामा, चाचण्यांना माणसांची नावं कोण देतं?"

"मग कुणाची द्यायची? ही माणसं हितं येऊन भांडून गेलीयेत. हौसाबाई तर त्या स्टुलावर तासभर बसली व्हती. खूण लाल झाली का मला तिचा आवाज ऐकू येतो. तीन नंबर नापास झाला म्हणल्यावर कुणाचा आवाज येणार?"

तुमची ती रीतच होती. कुणी तक्रार घेऊन आलं की आधी दुरुस्तीला हात लावायचा नाही. आधी त्या तक्रारीची चाचणी लिहायची, तिला त्या माणसाचं नाव द्यायचं, आणि नाव देण्याआधी त्याला विचारायचं. ती चाचणी लाल होताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्यायची. मग दुरुस्ती. निमोण्याच्या पाणीवापर संस्थेचे चेअरमन सोपानआप्पा मोटार भरायला तुमच्याकडे यायचे. पहिल्यांदा ते म्हणाले होते, "माझं नाव नको, लोक हसतील." नंतर मोटार नसली तरी दारातून विचारून जायचे, "काय रफिकभाई, पास हाय का मी?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "काठावर."

दुपारी मामी डबा घेऊन दुकानात यायच्या. तुम्ही त्यांना लाल ओळी मोठ्यानं वाचून दाखवायचात. एकदा तुम्ही ओरडलात, "शमीम, हौसाबाई पडली," आणि मोटार न्यायला आलेला पाहुणा बिचारा उठून विचारायला लागला, कुठं पडली, लागलं का. मामी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तुमची दुसरी रीत म्हणजे टेल. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आपल्याकडे टेल म्हणतात. नियम असा, की पाणी आधी टेलच्या शेताला आणि मग एकेक वर येत हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि मोडतातही सगळेच, कारण हेडच्या माणसाच्या दारातूनच पाणी जात असतं. तुम्ही तो नियम आवृत्त्यांना लावलात. कोणत्याही तुकड्याची नवी आवृत्ती आली की ती एकटीच घ्यायची. बिल्ड हिरवं झालं तरी सगळ्यांना द्यायची नाही. स्कूटर काढून चौफुल्यावरून न्हावऱ्याला, तिथून निमोण्याला जायचं आणि चारीच्या टेलला राहणाऱ्या हौसाबाईंच्या फोनवर ती चालवून बघायची. त्यांच्या फोनची काच तडकलेली, मेमरी कायम भरलेली. त्या फोनवर निरोप पोचला, तर जगात कुठंही पोचेल असं तुम्ही म्हणायचात. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी दिवसाला दहा आवृत्त्या सोडत होत्या. तुम्ही एका आवृत्तीसाठी पेट्रोल जाळत होतात. मला तेव्हा ती वेळेची नासाडी वाटत होती.

म्हणून ते झालं.

माझी आई अंगणवाडी सेविका आणि युनियनची कार्यकर्ती. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. 'मागण्या तातडीनं मान्य करा' हे माझं पहिलं वाचलेलं वाक्य असेल. त्यामुळे तुंबलेलं काम बघितलं की माझं रक्त तापतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेलात आणि जाताना पाटकरीची सूत्रं माझ्या हातात दिलीत. यंत्रानं कळवलेल्या नव्या आवृत्त्यांची रांग लागली होती. मी एका दुपारी सगळ्या एकदम घेतल्या. बिल्ड लाल झालं. बघते तर एकच चाचणी नापास. हौसाबाईंचं पाणी रविवारी सुरू होऊन सोमवारी संपतं. मला वाटलं, इतक्या चाचण्या पास झाल्या, ही एक जुनी अडून बसली आहे. मी तिच्यावर एक ओळ लिहिली, 'तात्पुरती बंद'. खूण हिरवी झाली. मला अभिमान वाटला, हेही आज कबूल करते.

झालं होतं एवढंच, की तारखा मोजणारा तुकडा जुन्या आवृत्तीत सोमवारपासून आठवडा धरायचा आणि नव्या आवृत्तीत रविवारपासून धरायला लागला होता. पाटकरी आठवड्याचे निरोप सोमवारी सकाळी पाठवतो. आवर्तन रविवारी सुटलं. टेलची पहिली पाळी म्हणून त्या संध्याकाळी पाणी हौसाबाईंचं होतं, पण नव्या मोजणीनं ते पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात गेलं. सोमवारी सकाळी त्यांच्या फोनवर निरोप आला, की तुमची पाळी काल संध्याकाळी सात वाजता सुरू होईल. तोवर पाणी वरच्या शेतात लागलं होतं. त्या आवर्तनात त्यांच्या वाट्याला पुन्हा पाणी आलं नाही. कांद्याचं सगळं रोप वाफ्यातच वाळलं.

तुम्ही सोलापूरहून आलात ते मला मागं बसवून थेट निमोण्याला. हौसाबाई वाफ्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"रफिकभाऊ, तुमच्या कंपुटरनं माझं पाणी कुठं ठिवलं?"

"सोमवारच्या तक्त्यात गेलं, मावशी."

"आन् कालव्याला रईवारी आलं. मग आता तक्ता पिळून बघू व्हय मी?"

"चूक माझी हाय, मावशी. माझ्याकडून झालं."

मी बांधावर उभी होते, तुमच्यापासून हातभर अंतरावर. मी तोंड उघडलं नाही.

परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो. मी तावातावानं म्हटलं, "मामा, माझी चूक तुम्ही स्वतःवर का घेतलीत? मला असली दया नको."

तुम्ही बशीत चहा ओतला. "दया कशाची? चावी माझी, ती तुझ्या हातात मी दिली, टेलला जाऊन बघ म्हणून सांगून गेलो न्हाई. माझी चूक झालीच की." मग एक घोट घेऊन म्हणालात, "तुझी पण झाली. तू का बोलली न्हाईस?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या समोर ती 'तात्पुरती बंद'ची ओळ काढलीत, बिल्ड लाल होऊ दिलंत, आणि म्हणालात, "बस. हिरवं होईस्तवर आपण दोघं हितंच." तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी जे शिकले ते कॉलेजच्या चार वर्षांत शिकले नव्हते. आवृत्ती बदलताना लेखकानं सोडलेली टिपणं कशी वाचायची, बिल्ड पडल्यावर येणाऱ्या शंभर ओळींच्या बोंबेत खरी तक्रार कुठल्या ओळीत असते ती कशी ओळखायची, आणि परक्या देशातल्या त्या तुकड्याच्या लेखकाला दोष न देता कसं लिहायचं. त्याला तुम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत हौसाबाईंच्या कांद्याची हकीकत लिहिली होती. त्यानं माफी मागितली, आठवडा कुठून सुरू करायचा ते ज्याचं त्याला ठरवता येईल अशी सोय केली, आणि खाली विचारलं, की आता रोप पुन्हा लावता येईल का. हे उत्तर तुम्ही निमोण्याला जाऊन हौसाबाईंना वाचून दाखवलंत.

आणि आता आपलं भांडण.

पुण्यातल्या एका कंपनीनं पाटकरी उचलला, त्याला चकचकीत रूप दिलं आणि साखर कारखान्यांना विकायला सुरुवात केली. तशी मुभा तुम्हीच दिली होती, तक्रार त्याची नव्हती. पण दुरुस्तीच्या कामाला त्यांनी कधी एक माणूस दिला नाही, आणि त्यांचं बिल्ड पडलं की आपल्याला पत्रं मात्र हुकूम सोडल्यासारखी. 'तातडीचं. आजच्या आज.' तुम्ही त्यांना 'साहेब' म्हणून उत्तर लिहायचात. ते वाचून माझ्या अंगाची आग व्हायची. मी बंदचं पत्रक लिहून आणलं. एक दिवस पाटकरीच्या सगळ्या आवृत्त्या मागं घ्यायच्या. जो जो त्यावर उभा आहे, त्याचं बिल्ड त्या दिवशी पडेल. मग कळेल, हे कोणाच्या खांद्यावर चाललं आहे.

तुम्ही पत्रक शेवटपर्यंत वाचलंत. "झ्याक लिवलंय," म्हणालात. "आता सांग, पहिलं कुणाचं पडंल?"

"कंपनीचं."

"न्हाई पोरी. कंपनीकडं प्रत्येक आवृत्तीची कॉपी ठिवलेली असती. त्यांना चार दिवस कळायचं बी न्हाई. पडंल कुणाचं, तर ज्या संस्थेकडं एकच कंपुटर हाय, कॉपी न्हाई, आन् तो आजच कुणीतरी चालू केलाय. म्हंजी टेलचं."

"मग संप कधीच करायचा नाही? माझ्या आईनं केला तोही चूक?"

"तुझ्या आईच्या मागं तालुक्यातल्या सगळ्या बाया व्हत्या. हितं तू आन् मी. दोन माणसांचा संप म्हंजी सुट्टी."

मी आवाज वाढवला. तुम्ही भित्रे आहात, असंही म्हणाले. तुम्ही रागावला नाहीत. "ह्या आवर्तनानंतर बोलू," म्हणालात आणि मोटारीत वेढे घालायला लागलात. आवर्तन संपायच्या आत तुम्ही गेलात.

तुमच्या दफनाच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचं पत्र आलं. दोन दिवस बिल्ड पडतं आहे, जबाबदार कोण, आजच्या आज कळवा. सूत्रं आता माझ्याकडे आहेत, तुम्हीच तसं लिहून ठेवलं होतं. बंदचं पत्रकही माझ्याकडे आहे. मी ते उघडलं. मला अडवणारं कुणी नव्हतं, मामा. अख्खा दिवस मी ते उघडं ठेवून बसले. मग लाल यादी उघडली. तारखांचा तो तुकडा लिहिणाऱ्या माणसानं थकून काम सोडलं होतं, आता दुसराच तुकडा जोडावा लागणार होता, आणि तो जोडून बघताच एकदम कितीतरी चाचण्या पडल्या. हौसाबाई. सोपानआप्पा. तळेगावचे भाऊ. मी त्यांची नावं मोठ्यानं वाचली, तुमच्यासारखी. पत्रक मिटलं आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.

परवा निमोण्याला जाऊन आले. हौसाबाईंना सांगितलं, की काकू, तेव्हाचं पाणी मी चुकवलं होतं, मामांनी नाही. त्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "मला तवाच कळलं व्हतं. त्यो बोलत व्हता आन् तू चपलांकडं बघत व्हतीस." मग सुपातल्या मूठभर शेंगा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माझा फोन हाय हितं. बघ चालवून."

मामा, बंदच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. हे मी तुमच्या समोर मान्य करायला हवं होतं. पण एका गोष्टीत तुम्ही चुकलात आणि तेही आज बोलते. तुम्ही कधी कुणाला बोलावलं नाहीत. मी म्हणायचे, लिहा की मदत हवी आहे म्हणून, तर तुमचं ठरलेलं उत्तर, "ज्याला दिसंल त्यो यील." नाही दिसत, मामा. तुम्ही सगळं हिरवं ठेवत होतात, मग कुणाला काय दिसणार? दोन माणसांचा संप म्हणजे सुट्टी, हे मी मानलं. मग एकट्या माणसानं इतक्या लोकांच्या पाण्याचा भार वाहणं, हे तुम्हाला ठीक कसं वाटलं? शेजाऱ्याला हाक मारायला तुम्हाला कधी संकोच नव्हता. मोटार उचलायची असली की अर्धं केडगाव गोळा करायचात. एवढीच एक मोटार तुम्ही एकट्यानं उचललीत.

म्हणून हाक मी मारते. मामींच्या 'आता कोण बघणार'ला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. ते देण्याच्या आधी मला हे लिहावं लागतं आहे.

वाचणाऱ्यांनो, पुढचं आवर्तन सुटायला थोडे आठवडे आहेत. अजून बऱ्याच चाचण्या लाल आहेत आणि मी एकटी त्या वेळेत पुऱ्या करू शकत नाही. तुमच्यापैकी जे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करतात, त्यांनी, आणि पुण्यातल्या त्या कंपनीतल्या इंजिनियरांनी तर नक्कीच, या आठवड्यात पाटकरीची लाल यादी उघडा. त्यातलं एक नाव निवडा आणि त्याच्यापुढे स्वतःचं नाव लिहा. ती चाचणी बंद करू नका, हिरवी होईपर्यंत तिच्याजवळ बसा. ज्यांना कोड लिहिता येत नाही, त्यांनी आपापल्या चारीच्या टेलला एक चक्कर मारा, तिथल्या सगळ्यात जुन्या फोनवर निरोप उघडतो का ते बघा आणि आम्हाला कळवा. आणि आवर्तन सुटलं, की ज्याचं नाव तुम्ही घेतलं आहे त्या माणसाला फोन लावून विचारा, पाणी आलं का.